कात्रीचा मान

"आता हे आणखी बारा रुपये कसले?" जमुनाबाईने विचारलं.

बदरुद्दीन मुन्शींनी चष्मा कपाळावर सरकवला. उरणच्या मामलेदार कचेरीसमोर बदामाच्या झाडाखाली त्यांचं टेबल असे, आणि गेली वीस वर्षं तालुक्यातल्या निम्म्या लोकांची गाऱ्हाणी त्या टेबलावर मराठीतून इंग्रजीत जात होती. परत मराठीत आलेली फार थोडी.

"बाई, प्रतिज्ञापत्र नुसतं लिवून चालत नाय. स्टॅम्प लागतो, साहेबासमोर सही लागते, त्याची नक्कल लागते. माजे त्यात दोनच रुपये हायत. ते पन सोडले असते, पन सोडायची सवय लागली तर घरी चूल पेटायची नाय."

"मागल्या टायमाला तुमी बोललात, आता यापुढं काय नाय."

"मागल्या टायमाला त्यांनी प्रतिज्ञापत्र मागितलं नव्हतं."

जमुनाबाईने कमरेची पिशवी सोडली. बारा रुपये मोजून टेबलावर ठेवले आणि पिशवीचं तोंड पुन्हा आवळलं. मुन्शी दुसरीकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचा धंदा लोकांच्या अडचणीवर चालत होता.

खरी गंमत अशी की सुइणींच्या सरकारी रजिस्टरातून जमुनाबाईचं नाव खोडायला कुणाला एक छदाम खर्च आला नव्हता. मुंबईच्या नोंदणी ऑफिसात कुणीतरी लाल शाईचा टाक उचलला असेल, एक आडवी रेघ ओढली असेल आणि चहा प्यायला गेलं असेल. पण ती रेघ पुसायची म्हटल्यावर प्रत्येक गोष्टीला पैसे होते. अर्जाची फी वेगळी, मागची वर्षं नाव नव्हतं त्या वर्षांची फीसुद्धा वेगळी. दोन डॉक्टरांचे चांगल्या वर्तणुकीचे दाखले. मोरा बंदरातून लाँचने मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंतच्या खेपा, आणि पोचल्यावर कळायचं की साहेब आज आले नाहीत. इतकं करून अखेर पत्र आलं ते असं: नाव परत घेण्यास हरकत नाही, मात्र बाईंनी तीन महिन्यांचा उजळणीचा कोर्स इस्पितळात राहून पुरा करावा. मेसचे पैसे आगाऊ भरावेत. कोर्स एक एप्रिलला सुरू होईल, पैसे त्याआधीच्या शनिवारी दुपारी बाराच्या आत पोचले पाहिजेत, आणि पंचेचाळीस वर्षांवरील बाईस प्रवेश नाही.

जमुनाबाईला आषाढात पंचेचाळीस पुरी होणार होती. म्हणजे हा कोर्स, नाहीतर कधीच नाही.

"सही करा," मुन्शी म्हणाले. "काय लिवलंय ते वाचून दाखवतो. 'माझे नाव कमी झाल्यापासून आजतागायत मी बाळंतपणाचे कोणतेही काम केलेले नाही व परवानगी मिळेपर्यंत करणार नाही.' खरं हाय ना?"

"खरं हाय."

"मग शपथ घ्यायला हरकत नाय. किती कमी पडतायत अजून?"

"चाळीस."

मुन्शींनी जीभ टाळूला लावून आवाज काढला आणि कागद झटकला. मार्च महिना संपत आला होता.

*

जमुनाबाई मूळची करंज्याची. लग्नाला तीन वर्षं झाली आणि नवरा मचव्यावर गेला तो परत आला नाही. सासरी राहून दुसऱ्यांची धुणी धुण्यापेक्षा ती मुंबईला गेली, एका इस्पितळात राहून सुईणपण शिकली, परीक्षा पास झाली आणि मोऱ्याच्या दवाखान्यात नर्स होऊन आली. विधवा बाईला शुभकार्यात कुणी पुढे बसवत नाही. हळदीला नाही, मांडवात नाही. पण पाचवीला तिच्यासाठी पाट मांडला जाऊ लागला, आणि त्या पाटावर बसताना आपण कोण आहोत हे तिला दरवेळी नव्याने कळायचं.

मूल पाच दिवसांचं झालं की पाचवी पुजतात. ज्या हत्याराने नाळ कापली ते पाट्यावर ठेवतात, त्याला हळदकुंकू वाहतात. ज्या हाताने कापली त्या बाईला पाटावर बसवून लुगडं देतात. कोळीवाड्यात हा मान जुन्या सुईणीचा, बायजाचा होता. तिच्या आधी तिच्या सासूचा. आता शिकून आलेल्या नर्सबाईने हा मान घेतला असता तर म्हातारीचं पोट तर गेलंच असतं, शिवाय कोळीवाड्यातलं एकही दार तिला उघडलं नसतं. जमुनाबाईने त्यावर तोड काढली. सगळं काम तिने करायचं, अगदी शेवटी बायजाचे हात साबणाने धुऊन घ्यायचे आणि उकळलेली कात्री तिच्या हातात द्यायची. बायजाने कापायचं. लुगडं बायजाचं, दुसरा पाट जमुनाचा. सगळे खूश. दहा वर्षं हे असं चाललं, आणि त्या दहा वर्षांत मोऱ्यात मुलं जगायला लागली.

अठ्ठावन्न साली गोवर्धन कोळ्याच्या सुनेचं पहिलं बाळंतपण झालं. गोवर्धनचे दोन मचवे, मासळी वाळवायचं मोठं आवार, घरात माणसांचा राबता. सून सगुणा, वय एकोणीस. मुलगा झाला. बायजाने स्वच्छ कात्रीने नाळ कापली, जमुनाबाईने पट्टी बांधली आणि ती दवाखान्यात परतली. तिची पाठ वळल्यावर बायजाने पट्टी सैल करून बेंबीवर चुलीतली राख दाबली. सासूने शिकवलं होतं तसंच. त्यात तिचं काही वाईट मनात नव्हतं. आठव्या दिवशी मुलाचं तोंड मिटलं ते उघडेना. दूध ओढता येईना, रडताही येईना. धनुर्वात.

चौकशीला जिल्ह्याहून एक अधिकारी आले. सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, "नाळ कोणी कापली?"

"बायजाने," जमुनाबाई म्हणाली. "इथं तसा मान आहे साहेब. मीच कात्री देते तिच्या हातात. दहा वर्षं देतेय."

साहेबांचं लिहिणं थांबलं. "पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा जास्त खुलासेवार. साहेबांना युक्ती आवडली असं तिला वाटलं होतं. न शिकलेल्या बाईच्या हाती आपलं काम देणं हा गुन्हा आहे, आणि तोही नाव खोडण्याइतका, हे तिला पत्र आल्यावर समजलं. नोकरी त्याच महिन्यात गेली. बायजा त्या पावसाळ्यात वारली. आपल्यामुळे कुणाचं काय झालं ते म्हातारीला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. जमुनाबाईने सांगू दिलं नाही.

"एक शब्द खोटा बोलला असता ना बाई," मुन्शी तिला नेहमी म्हणत, "'मीच कापली' एवढाच, तर तुमी आज पेन्शनीला टेकला असता."

पाच वर्षं ती गोवर्धनच्याच आवारात बोंबील टांगत होती. सकाळी कामाला जाण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायची सवय मात्र सुटली नव्हती. आवारातल्या बाया हसायच्या. "बोंबलाचं बालतपन हाय काय गो?" म्हणायच्या. तीही हसायची.

पैसे जमवता जमवता घरातलं एकेक बाहेर गेलं. पाटल्या गेल्या, तांब्याचा हंडा गेला. शेवटी तिने बॅग विकली. दवाखान्यात विमलबाई म्हणून नवी नर्स आली होती, सातारकडची, तेवीस वर्षांची, समुद्राला घाबरणारी. दवाखान्याची कात्री बोथट झाली होती आणि नवी मागवायला वरून मंजुरी येत नव्हती. जमुनाबाईने आपली चामडी बॅग, चिमटे, वाटी आणि कात्री तिला पस्तीस रुपयांना दिली.

"बाई, तुम्हाला परत लागेल की ही," विमल म्हणाली.

"लागेल तेवा तुझ्याकडून इकत घेईन. आधी लागू तर दे."

नर्स व्हायला पैसे पाहिजेत म्हणून नर्सची हत्यारं विकायची, यातला विनोद तिला कळत होता. पण हसायला तिच्यापाशी तेव्हा वेळ नव्हता.

*

गुरुवारी दुपारी पुतळा स्वतः आवारात आली. पुतळा म्हणजे गोवर्धनची बायको. पायात वहाण नव्हती आणि पदर कमरेला खोचलेला.

"जमुना, चल. सगुना अडलीय."

"विमलबाई हाय ना तिथं?"

"हाय. पन पोर तुज्या नावाचा धावा करतेय. चल बोलते ना!"

"वहिनी, मी काय करनार येवून? मना हात लावाचा नाय."

"नको लावू. उशाशी बस."

पहिल्या मुलानंतर सगुणाची दोन पोटातच गेली होती. हे चौथं. जमुनाबाई गेली. न्हाणीत जाऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, आणि ओले हात वर धरून खोलीच्या दाराशी उभी राहिली. मग आपण काय करतोय ते ध्यानात आलं तेव्हा हात लुगड्याला पुसून टाकले.

ती उशाशी बसली. सगुणाने तिचं मनगट असं धरलं की बांगडी असती तर फुटली असती.

"बाय, ह्या टायमाला जगंल ना?"

"जगंल. तू जोर वाया घालवू नको. आता नाय. मी सांगते तेवा."

विमल चांगलं काम करत होती. हात हलका होता, फक्त घाबरून घाई करत होती. जमुनाबाई तिला काही सांगत नव्हती, सगुणाला सांगत होती, आणि विमल ते ऐकत होती. उन्हं कलायच्या आत पोर बाहेर आली. मुलगी. आधी एक क्षण गप्प, आणि मग अशी रडली की ओट्यावरचे पुरुष उठून उभे राहिले.

विमलने दोन ठिकाणी दोरा बांधला आणि उकळलेल्या वाटीतून कात्री उचलली.

"थांब," पुतळा म्हणाली. "तू नको. कात्री जमुनाला दे."

खोलीतल्या बाया सरकून बसल्या.

"मागल्या टायमाला बायजाचं वय जालं होतं," पुतळा म्हणाली. "तिचा हात थरथरला, आनि सटवीला ते मानवलं नाय. तवापासून माज्या घरात पालना हलला नाय. बायजा गेली, आता मान तुजा. हिरवं लुगडं काढून ठेवलंय नि एकावन्न रुपये. कालच देवापुढं ठेवलेत. घे."

एकावन्न. जमुनाबाईला चाळीस हवे होते.

विमलने कात्री उलटी करून तिच्यापुढे धरली, मुठीची बाजू तिच्याकडे. "घ्या ना बाई," ती हळूच म्हणाली. "त्यांची इच्छा आहे. एवढंच तर आहे. कोणाला कळतंय?"

खोटं कशाला सांगायचं, जमुनाबाईचा हात पुढे गेला होता. तिची स्वतःची कात्री होती ती. तिला त्या घडीला ते लुगडं नको होतं, मानही नको होता, तिला शनिवारची लाँच हवी होती. उद्याच्या उद्या पैसे, परवा सकाळी धक्का, बाराच्या आत ऑफिस. तीन महिन्यांनी नाव. हे सगळं कात्रीच्या त्या दोन कड्यांमध्ये होतं, बोटं घालायचाच अवकाश.

पण कात्री धरलेला हात तिने पाहिला. स्वच्छ धुतलेला, कोवळा, लोकांची मनं राखायला निघालेला. असाच हात दहा वर्षं बायजापुढे तिने स्वतः धरला होता. आणि मागून कुणी साहेब आला, नाळ कोणी कापली म्हणून त्याने विचारलं, तर ही सातारची पोर खरं तेच सांगणार. अगदी खुलासेवार सांगणार.

जमुनाबाईने हात मागे घेतला आणि पाठीशी बांधला.

"विमल, काप."

"बाई, पण..."

"काप म्हणते ना! दोन गाठींच्या मधी. आन पुन्हा कधी कोनाच्या हातात कात्री देवू नको. माज्या नाय, कोनाच्याच नाय."

विमलने कापलं. पट्टी बांधली. पुतळाचा चेहरा उतरला, मग तापला.

"मान नाकारलास? माज्या घरचा?"

"नाकारत नाय वहिनी. माजा हात सरकारजमा हाय."

"माज्या घरात सरकार कुठं आला?"

"मागल्या टायमाला आलाच होता."

हे बोलायचं नव्हतं. तोंडातून गेल्यावर तिला कळलं, पण तोवर खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. सगुणाने भिंतीकडे तोंड केलं. जमुनाबाई उठली. दारातून वळून एवढंच म्हणाली, "बेंबीला राख लावाची नाय. कोनी काय पन सांगू दे."

"ते आमी बघू," पुतळा म्हणाली. "तू कामाला जा."

*

शुक्रवारी तिने गोवर्धनकडे आगाऊ मजुरी मागितली. तो जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"दिली असती गो. पन घरातली बाई कालपासून जेवली नाय. मी कुठल्या तोंडानं देऊ?"

बदरुद्दीन मुन्शींनी स्वतःच्या खिशातून पाच रुपये काढले. ते तिने घेतले नाहीत. पस्तिसांची भर कुठून घालायची हा प्रश्न उरतच होता, आणि मुन्शींची चूलही पेटायला हवी होती. शनिवारी सकाळी लाँचचा भोंगा झाला तेव्हा ती आवारात दोऱ्यांवर बोंबील टांगत होती. लाँच लांब जाईपर्यंत तिने त्या बाजूला पाहिलं नाही. दुपारी उरणहून येणाऱ्या एका माणसाला उगाचच किती वाजले विचारलं. तो साडेबारा म्हणाला.

पाचवी सोमवारी आली. पुतळाने बोलावलं नव्हतं, पण सगुणाने नणंदेकडून निरोप पाठवला होता. जमुनाबाई गेली आणि ओट्यावर इतर बायांच्या रांगेत बसली. दारातून आतलं दिसत होतं. पाट्यावर कात्री मांडली होती, हळदीने पिवळी झालेली, दोन्ही पाती उघडी. पाटावर विमल बसली होती, मांडीवर हिरवं लुगडं, आणि तिला कुठे बघावं ते समजत नव्हतं. विधवा बाई चौकटीच्या आत जात नसतात. जमुनाबाईला हे माहीत होतं, फक्त पंधरा वर्षं तिला त्याचा विसर पडला होता.

पूजा झाल्यावर विमल बाहेर आली. मूठ पुढे केली. मुठीत नोटा होत्या.

"बाई, हे तुमचेच आहेत. घ्या. उद्या मी पण येते तुमच्याबरोबर ऑफिसात, सांगू आपण त्यांना."

"कोर्स आज सकाळी चालू झाला."

"मग पुढच्या वर्षी..."

"पुढल्या वर्षी मी शेचाळिसाव्यात असेन, विमल." जमुनाबाईने तिची मूठ मिटवली. "गावाकडं पाठव. आई वाट बघत असंल."

विमलच्या डोळ्यांतून पाणी आलं. जमुनाबाईला तिचा राग आला नाही, स्वतःचाही आला नाही. फार दमल्यासारखं मात्र वाटलं. इतकी वर्षं ज्याच्या आधाराने सकाळी उठायची ते काही आता नव्हतं.

"कात्री इथं विसरू नको," ती म्हणाली. "हळद नीट धू. उकळलीस की लगेच कोरडी कर, नायतर सांध्यात गंज धरतो."

तेवढ्यात पुतळा घुगऱ्यांचं सूप घेऊन ओट्यावर आली. रांगेतल्या एकेकीच्या पदरात मूठ मूठ टाकत पुढे सरकली. जमुनाबाईपाशी थांबली नाही आणि तिला वगळलंही नाही. इतरांना दिली तेवढीच मूठ दिली. जमुनाबाईने पदर पसरला आणि ती घेतली.

बाया पांगल्या. ती बसून राहिली. आत पोर रडायला लागली, मोठ्याने, तोंड उघडून. जमुनाबाई ते रडणं संपेपर्यंत थांबली आणि मग घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती पुन्हा त्या ओट्यावर येऊन बसली. त्याच्या पुढल्या दिवशीही. कुणी आत बोलावलं नाही, कुणी उठवलंही नाही. पुतळा एकदा कचरा टाकायला बाहेर आली, तिच्याकडे बघून उभी राहिली आणि आत गेली. पोरीच्या आठव्या दिवशी, पहिल्या मुलाचं तोंड मिटलं होतं त्याच दिवशी, जमुनाबाई दिवेलागण उलटून गेली तरी उठली नाही. पोर झोपली होती.

नवव्या दिवशी ती आली तेव्हा ओट्यावर पाय ठेवण्याआधीच रडणं ऐकू आलं. भुकेचं, रागाचं रडणं. जमुनाबाई तशीच रस्त्यात उभी राहून ते ऐकत राहिली. मग मागे वळली, आणि त्या ओट्यावर पुन्हा चढली नाही.